मृत्युनोंद, परगण्यांतील

एखाद्या व्यक्तीच्या मृत्यूची तारीख, स्थळ व कारण, तसेच मृताची ओळख पटविणारा तपशील अधिकृत नोंदवहीत लिहून ठेवण्याची पद्धती. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही नोंद दीर्घकाळ काउंटी म्हणजे परगणा या स्थानिक प्रशासकीय घटकाच्या कचेरीत होत असे. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील तेथील मृत्यूंची माहिती प्रामुख्याने परगण्यांच्या नोंदवह्यांतून मिळते. वारसाहक्क, विधवांचे निवृत्तिवेतन, विम्याचे दावे, साथीच्या रोगांचा अभ्यास, घराण्यांचा इतिहास अशा अनेक बाबी या नोंदींवर अवलंबून असतात. मृत्यू निश्चित असला, तरी त्याची नोंद निश्चित नसते. ती कोणी करावयाची, किती दिवसांत करावयाची आणि न केल्यास काय अडते, यांवर नोंदवहीची विश्वसनीयता ठरते. परगण्यांतील मृत्युनोंदींचा इतिहास हा मुख्यतः या तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा इतिहास आहे.

इंग्लंडमधील पूर्वपीठिका : अमेरिकन पद्धतीची मुळे इंग्लंडमध्ये आहेत. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका धर्मगुरूच्या देखरेखीखालील चर्चविभागाला, बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवण्याचा आदेश दिला. या नोंदवहीत मृत्यूची नव्हे, तर दफनाची तारीख लिहिली जाई. मृत्यूचे कारण देण्याचे बंधन नव्हते आणि अधिकृत चर्चबाहेरील पंथीयांची दफने तीत पुष्कळदा येत नसत. लंडनमध्ये प्लेगच्या भीतीमुळे साप्ताहिक मृत्युसूची काढण्याची प्रथा पडली. १६०३ पासून या सूची अखंडपणे प्रसिद्ध होऊ लागल्या. मृतदेह पाहून कारण ठरविण्याचे काम त्यासाठी शपथ दिलेल्या वृद्ध स्त्रिया करीत. या सूचींच्या आधारे जॉन ग्राँट या लंडनच्या व्यापाऱ्याने १६६२ मध्ये जन्ममृत्यूंच्या प्रमाणांविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. लोकसंख्याशास्त्राचा आरंभ या ग्रंथापासून मानतात.

धर्मसंस्थेच्या हातून ही नोंद शासनाकडे आली, ती १८३६ च्या कायद्याने. इंग्लंड व वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून मुलकी नोंदणी सुरू झाली. स्कॉटलंडमध्ये ती १८५५ मध्ये व आयर्लंडमध्ये १८६४ मध्ये लागू झाली. देशाचे नोंदणी-जिल्हे पाडून प्रत्येक ठिकाणी निबंधक नेमण्यात आले व सर्व नोंदींच्या प्रती लंडनमधील महानिबंधकाच्या कार्यालयात जमा होऊ लागल्या. या कार्यालयातील विल्यम फार या वैद्य-सांख्यिकाने मृत्यूच्या कारणांची पद्धतशीर मांडणी केली. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ उद्‌भवली, तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरने याच कार्यालयातून त्या आठवड्यातील मृतांची यादी मिळविली. तिच्यातील ८३ मृत्यू अवघ्या तीन दिवसांतील होते. मृतांची घरे ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाभोवती एकवटलेली आहेत, हे त्याने दाखवून दिले. नोंद त्वरित व पत्त्यासह होत असल्यामुळेच हे शक्य झाले. तरीही इंग्लंडमध्ये माहिती देण्याची जबाबदारी नातेवाइकांवर कायद्याने टाकण्यात आली, ती १८७४ च्या अधिनियमाने. निबंधकाचा दाखला किंवा अपमृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरचा आदेश यांवाचून मृतदेहाची विल्हेवाट लावता येणार नाही, असा निर्बंध १९२६ च्या कायद्याने घातला.

अमेरिकेतील वसाहतींचा काळ : व्हर्जिनिया वसाहतीत १६३२ मध्ये झालेल्या कायद्यानुसार धर्मगुरूंनी बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची यादी दरवर्षी न्यायालयापुढे ठेवावयाची होती. हा इंग्लंडमधील पॅरिश-नोंदवहीचाच विस्तार होता. मॅसॅचूसेट्स बे वसाहतीने १६३९ मध्ये वेगळा मार्ग स्वीकारला. तेथे धर्मगुरूऐवजी मुलकी लेखकाकडे काम सोपविण्यात आले आणि बाप्तिस्मा व दफन या धर्मविधींऐवजी प्रत्यक्ष जन्म व मृत्यू नोंदवावेत, असे ठरविण्यात आले. मृत्यू ही धार्मिक विधीपासून स्वतंत्र अशी कायदेशीर घटना आहे, ही कल्पना त्यातून पुढे आली.

या दोन प्रदेशांतील स्थानिक कारभाराची घडणही भिन्न होती. न्यू इंग्लंडमध्ये लहानसे 'टाउन' हा कारभाराचा मूळ घटक होता. तेथील लेखक गावातल्या बहुतेक कुटुंबांना ओळखत असे. व्हर्जिनियात १६३४ मध्ये आठ परगणे पाडण्यात आले. पुढे दक्षिणेकडील व पश्चिमेकडील बहुतेक राज्यांत परगणा हाच प्रमुख घटक ठरला. परगण्याचे न्यायालय, जमिनींचे दस्तऐवज, मृत्युपत्रे, करांचे हिशेब हे सर्व एकाच मुख्य ठिकाणी असे. साहजिकच पुढे मृत्यूंची नोंदही त्याच इमारतीत आली. परंतु परगणा विस्तीर्ण असे व शेतवस्त्या विखुरलेल्या असत. मुख्य ठिकाणापासून दिवसभराच्या अंतरावर मूल दगावले, तर त्याची खबर कचेरीत पोहोचण्याची खात्री नसे.

करनिर्धारकांमार्फत नोंदणी : संविधानाने जन्ममृत्यूंच्या नोंदणीचा अधिकार केंद्राकडे दिलेला नसल्यामुळे तो राज्यांकडेच राहिला व प्रत्येक राज्याने आपापल्या वेळी आपापला कायदा केला. लेम्युएल शॅटक याच्या प्रयत्नांमुळे मॅसॅचूसेट्समध्ये १८४२ मध्ये राज्यव्यापी नोंदणीचा कायदा झाला. केंटकीने १८५२ मध्ये व व्हर्जिनियाने १८५३ मध्ये परगण्यांतील मृत्युनोंदीचे कायदे केले. केंटकीचा कायदा १८६२ मध्ये रद्द झाला. व्हर्जिनियातील नोंदणी १८९६ पर्यंत चालली. ओहायओ व मिशिगन या राज्यांनी १८६७ मध्ये हीच वाट धरली. ओहायओमध्ये नोंदवही परगण्याच्या वारसा-न्यायालयात असे, तर मिशिगनमध्ये ती परगण्याच्या लेखकाकडे असे. इलिनॉयमध्ये १८७७ मध्ये राज्य आरोग्य मंडळ स्थापन झाले आणि डॉक्टरांनी परगण्याच्या लेखकाला मृत्यू कळवावेत, असे ठरले. मिसूरीने १८८३ मध्ये केलेला कायदा १८९३ मध्ये मागे घेतला. त्यानंतर १९१० पर्यंत तेथे राज्यव्यापी नोंदणी नव्हती.

यांपैकी बऱ्याच राज्यांत माहिती गोळा करण्याचे काम करनिर्धारकावर टाकण्यात आले होते. हा अधिकारी वर्षातून एकदा मालमत्तेची मोजदाद करण्यासाठी घरोघरी जाई. त्याच भेटीत गेल्या वर्षभरात घरात कोणी जन्मले वा वारले काय, हे त्याने विचारावे, अशी योजना होती. नवीन नोकरवर्ग नेमावा लागत नसल्यामुळे ती स्वस्त होती व म्हणूनच विधिमंडळांना पसंत पडली. तिच्यातील दोष मात्र मूलगामी होते. नोंद ही मृत्यूनंतर कित्येक महिन्यांनी, सांगणाऱ्याच्या आठवणीवरून होई. दरम्यान ज्या कुटुंबाने स्थलांतर केले, त्याचा मृत नोंदवहीत येत नसे. एकट्याने राहणारा मजूर वारला, तर त्याच्याविषयी सांगणारे घरच उरत नसे. नोंद न झाल्याने कोणाचे काही अडत नव्हते आणि कायद्यातील दंडाची तरतूद क्वचितच अमलात येई. साथ चालू असताना तिचा ठाव घेण्यासाठी अशा वार्षिक नोंदींचा उपयोग होणे शक्यच नव्हते. सोहोतील साथीच्या वेळी स्नोला जी यादी काही दिवसांत मिळाली, तशी यादी येथे साथ ओसरून गेल्यावर तयार होई.

नोंदवहीचे स्वरूप : परगण्याची मृत्युनोंदवही ही सामान्यतः मोठ्या आकाराची, आखीव रकान्यांची बांधीव वही असे. एका ओळीत एक मृत्यू याप्रमाणे, समोरासमोरील दोन पानांवर मिळून नोंद केली जाई. क्रमांक, मृत्यूची तारीख, मृताचे नाव, वर्ण, विवाहित किंवा अविवाहित स्थिती, वर्षे-महिने-दिवस यांत वय, मृत्यूचे स्थळ, जन्मस्थान, व्यवसाय, आईवडिलांची नावे, मृत्यूचे कारण आणि माहिती देणाऱ्याचे नाव असे रकाने साधारणपणे आढळतात. सर्व रकाने भरलेल्या ओळी थोड्या असतात. नोंदवहीत कित्येक पाने एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत सलग लिहिलेली दिसतात. करनिर्धारकाने आणलेल्या याद्या लेखकाने एकदम उतरवून काढल्याची ती खूण होय. अशा नकलेत आडनावांचे वर्णलेखन बदलणे, तारखा मागेपुढे होणे हे प्रकार घडत. म्हणून नोंदणीची तारीख व मृत्यूची तारीख यांत फरक करणे अभ्यासकाला आवश्यक ठरते.

मृत्यूचे कारण या रकान्यात तत्कालीन वैद्यकीय ज्ञानाचे प्रतिबिंब दिसते. क्षय, घटसर्प, लोहितांग ज्वर, विषमज्वर यांसारख्या रोगांबरोबरच 'ताप', 'जलोदर', 'म्हातारपण', लहान मुलांच्या बाबतीत 'दात येणे' किंवा 'उन्हाळी विकार' अशीही कारणे लिहिलेली असतात. यांतील काही रोगांची नसून केवळ लक्षणांची नावे आहेत. डॉक्टर हजर नसेल, तर कारण कुटुंबीयच सांगत. त्यामुळे या रकान्यातील शब्दांचा आजच्या रोगनामांशी सरळ मेळ घालणे धोक्याचे असते.

वगळले गेलेले मृत : नोंदवहीत कोण आले याइतकेच कोण आले नाही, हेही महत्त्वाचे आहे. तान्ह्या मुलांचे मृत्यू, विशेषतः नाव ठेवण्यापूर्वी झालेले, मोठ्या प्रमाणावर सुटले. नव्याने आलेले स्थलांतरित, भटके मजूर व निराधार यांचीही तीच गत झाली. व्हर्जिनिया व केंटकी येथील यादवी युद्धापूर्वीच्या नोंदवह्यांत गुलामांचे मृत्यू आढळतात. परंतु मृताच्या जागी पुष्कळदा केवळ पहिले नाव असते, काही ठिकाणी तेही नसते. आईवडिलांऐवजी मालकाचे नाव असते व माहिती देणाराही तोच असतो. करनिर्धारकाच्या दृष्टीने गुलाम हा मालमत्तेचा भाग असल्यामुळे ही नोंद झाली, यातील विसंगती उघड आहे. तरीही त्या माणसांच्या वंशजांना आपल्या पूर्वजाविषयीचा एखादाच लेखी पुरावा मिळतो, तो पुष्कळदा अशाच ओळीत.

राज्यांच्या नोंदींतील ही पोकळी भरून काढण्याचा एक प्रयत्न केंद्र शासनाने जनगणनेच्या द्वारे केला. १८५० च्या जनगणनेत प्रथमच मृत्यु-अनुसूची जोडण्यात आली व ती १८८० पर्यंतच्या प्रत्येक जनगणनेत कायम राहिली. गणनेपूर्वीच्या १ जूनपासून ३१ मेपर्यंतच्या वर्षात घरात झालेल्या मृत्यूंविषयी गणक विचारीत असे. १८५० व १८६० च्या अनुसूचींत मृत हा स्वतंत्र की गुलाम, याचाही रकाना होता. दहा वर्षांतील एकाच वर्षाचे मृत्यू यांत मिळतात आणि आठवणीवर विसंबण्याचा दोष येथेही आहेच. तथापि ज्या परगण्यांत त्या काळची नोंदवहीच नाही, तेथे या अनुसूचींना मोल आहे. [→ जनगणना].

नोंदणी-क्षेत्र व दफन-परवाना : राज्यांच्या नोंदींचा दर्जा इतका असमान होता, की त्यांची बेरीज करून देशाचा मृत्युदर काढणे निरर्थक ठरे. म्हणून १८८० च्या जनगणनेच्या वेळी ज्यांच्या नोंदी भरवशाच्या होत्या, त्या प्रदेशांचे मिळून 'मृत्यु-नोंदणी-क्षेत्र' कल्पिण्यात आले. त्यात मॅसॅचूसेट्स व न्यू जर्सी ही दोनच राज्ये, कोलंबिया जिल्हा व काही मोठी शहरे होती. १९०० मध्ये या क्षेत्रात दहा राज्ये, कोलंबिया जिल्हा व इतर राज्यांतील काही शहरे येत होती व देशाची सुमारे ४० टक्के लोकसंख्या त्यात मोडत होती. १९०२ मध्ये जनगणना कार्यालय कायमस्वरूपी झाले. त्यानंतर एक आदर्श कायद्याचा मसुदा व मृत्युदाखल्याचा प्रमाणित नमुना सर्व राज्यांपुढे ठेवण्यात आला. किमान ९० टक्के मृत्यू नोंदविले जात असल्याचे सिद्ध झाल्यावरच राज्याला नोंदणी-क्षेत्रात प्रवेश मिळे. १९३३ मध्ये टेक्ससचा समावेश झाला आणि तेव्हाची अठ्ठेचाळीसही राज्ये या क्षेत्रात आली.

हा बदल घडवून आणणारे प्रमुख साधन म्हणजे दफन-परवाना. नव्या कायद्यांनुसार मृत्युदाखला निबंधकाला सादर केल्याशिवाय परवाना मिळत नसे आणि परवान्याशिवाय दफन, दहन किंवा मृतदेहाची ने-आण करता येत नसे. ओळखीचा तपशील नातेवाइकाने द्यावयाचा, कारण डॉक्टरने किंवा कॉरोनरने प्रमाणित करावयाचे आणि अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या व्यावसायिकाने दाखला पुरा करून आणावयाचा, अशी कामाची वाटणी झाली. ज्या क्षणी नोंद टाळणे अशक्य असते, त्याच क्षणाला कायद्याने ती बांधून टाकली. मिशिगनने १८९७ मध्ये मृत्यूच्या तत्काळ नोंदीचा कायदा करून करनिर्धारकाची वार्षिक पद्धत सोडून दिली. पेनसिल्व्हेनियात १९०६ पासून, ओहायओत १९०८ च्या अखेरीपासून व मिसूरीत १९१० पासून राज्यपातळीवर मृत्युदाखले ठेवले जाऊ लागले. वहीतील ओळीची जागा स्वतंत्र दाखल्याने घेतली. परगणा-मृत्युनोंदींचा कालखंड तेथे संपला, असे सामान्यतः मानतात.

याच सुमारास कारणांच्या परिभाषेतही एकसूत्रीपणा आला. फ्रेंच सांख्यिक झाक बेर्तीयाँ याने तयार केलेले मृत्युकारणांचे वर्गीकरण १८९३ मध्ये शिकागो येथे आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेपुढे मांडण्यात आले व १९०० मध्ये पॅरिस येथील परिषदेत त्याची पहिली सुधारित आवृत्ती स्वीकारण्यात आली. १९४८ मधील सहाव्या आवृत्तीपासून त्याची जबाबदारी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. मृत्यूचे तात्कालिक कारण व त्यामागील मूळ कारण वेगळे दाखविण्याची दाखल्यातील रीत या आवृत्तीने रूढ केली. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आली.

पुरावा म्हणून मूल्य : यादवी युद्धात मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या विधवांसाठी १८६२ मध्ये निवृत्तिवेतनाचा कायदा झाला, तेव्हा पतीचा मृत्यू कागदोपत्री सिद्ध करणे हा अनेक स्त्रियांच्या उपजीविकेचा प्रश्न बनला. मुलकी नोंद नसेल, तेथे शेजारी, डॉक्टर किंवा पतीचे सहकारी सैनिक यांची प्रतिज्ञापत्रे द्यावी लागत. आज त्या प्रतिज्ञापत्रांतूनच कित्येक मृत्यूंची माहिती मिळते. नोंदवही उपलब्ध नसल्यास मृत्युपत्रे व वारसा-प्रकरणे, कॉरोनरच्या चौकशीचे कागद, परगण्याच्या अनाथगृहांच्या व गरीबगृहांच्या वह्या, चर्च व दफनभूमींच्या नोंदी आणि तत्कालीन वृत्तपत्रे यांचा आधार घेतला जातो. नोंदवही होती पण नष्ट झाली, अशीही उदाहरणे आहेत. ऑक्टोबर १८७१ मधील शिकागोच्या आगीत कुक परगण्याचे न्यायालय जळाले व तेथील जन्ममृत्यूंचे पूर्वीचे कागद नाहीसे झाले.

एकाच मृत्युनोंदीतील सर्व माहितीचे वजन सारखे नसते. मृत्यूची तारीख व स्थळ ही माहिती देणाऱ्याला बहुधा प्रत्यक्ष ठाऊक असतात. मृताची जन्मतारीख व त्याच्या आईवडिलांची नावे ऐकीव असू शकतात. म्हणून माहिती कोणी दिली, हा रकाना अभ्यासक प्रथम पाहतात. खाजगी जीवनाच्या रक्षणासाठी अनेक राज्यांत अलीकडचे दाखले ठराविक वर्षे खुले केले जात नाहीत. मिसूरीच्या अभिलेखागाराने १९१० पासूनचे, पन्नास वर्षे उलटलेले दाखले संगणकीय जाळ्यावर सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत.

भारतातील तुलना : ब्रिटिश अमदानीत इंग्लंडच्या मुलकी नोंदणीच्या धर्तीवर भारतात १८८६ चा जन्म, मृत्यू व विवाह नोंदणी अधिनियम झाला, परंतु त्याखालील नोंदणी ऐच्छिक होती. खेड्यांत ही माहिती ग्रामसेवकवर्गाकडून येई. महाराष्ट्रात 'कोतवाल बुक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या नोंदींचा जातीच्या दाखल्यासाठी पुरावा म्हणून आजही शोध घेतला जातो. मृत्यूची वार्ता देण्यासाठी ठेवलेल्या वहीला अशा रीतीने कालांतराने वंशाच्या पुराव्याचे महत्त्व आले. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये देशभर सक्तीच्या नोंदणीची एकसूत्री व्यवस्था आली. घरात झालेल्या मृत्यूची माहिती देण्याची जबाबदारी तीत कुटुंबप्रमुखावर असून, दफनभूमी किंवा दहनभूमी सांभाळणाऱ्यानेही निबंधकास कळवावे, अशी तरतूद आहे. मृत्यूची माहिती २१ दिवसांच्या आत देणे अपेक्षित असते. अमेरिकेतील परगण्यांना दफन-परवान्याच्या रूपाने जे सूत्र गवसले, तेच येथेही दिसते : मृतदेह जेथे अखेर पोहोचतो, तेथे नोंदीची वाटही पोहोचली पाहिजे.